पाय लागला की बाद

फोन सलीमच्याच नंबरावरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी त्याला झापायला सुरुवात केली. आमच्या बायकांच्या दूध सोसायटीत सकाळची घाई, समोर रांग, आणि याचा चार दिवसांत तिसरा फोन. "अरे येते म्हटलं ना रविवारी. रस्ता काय पळून चाललाय का?"  पलीकडून त्याची बायको, शाहीनभाभी बोलली. पहाटे छातीत कळ आली, वडवणीहून बीडला नेता नेता वाटेतच गेला. मी "बरं" म्हणाले. बरं! फोन ठेवला आणि राहिलेलं सगळं दूध मोजून घेतलं, एकाही बाईच्या दुधाचं फॅट चुकवलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला. रडू अजून आलेलं नाही. जेवते, झोपते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेहमीसारखी भांडते. लोकांना वाटतं कुंदाताई लई खंबीर. खंबीर कसली... आत हात घातला तर काही लागतच नाही.

तो ज्या रस्त्यासाठी बोलावत होता तो आमच्या गावच्या तळ्याच्या पोटात आहे. धरण झालं तेव्हा जुना रस्ता पाण्याखाली गेला. दुष्काळ फारच हाताबाहेर गेला, तळ्याचा तळ उघडा पडला, की तो वर येतो. सरळसोट, टणक, वर बोटभर गाळाची मऊ धूळ, आणि मधे कठडा नसलेला छोटा पूल. मी पाचवीत होते तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. मोठी माणसं तळ्याकडं बघून गप्प व्हायची आणि आम्ही पोरं मनातल्या मनात खूश होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही. त्या साली ऊसच नव्हता, म्हणून सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. माझे दादा, म्हणजे वडील, तिथं पोती शिवायला होते, ते घरी बसून. सलीमच्या अब्बांचं गावातच सायकलचं दुकान. सलीमनं दुकानातली वाकडी चाकं आणली, फळांच्या खोक्याच्या फळ्या ठोकल्या, मधे बांबू उभा केला. दादांनी घरातली कारखान्याची रिकामी पोती उसवून दाभणानं शीड शिवून दिलं. वैशाखात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटायचा आणि ती गाडी आपली आपण चालायची! आठ दिवसांत गावात तसल्या सहा गाड्या झाल्या. सगळ्यांची शिडं दादांनीच शिवली, रिकाम्या हातांना काम मिळालं म्हणून की काय, त्या दिवसांत ते घरात कुणावर ओरडले नाहीत.

शर्यतीचा नियम एकच होता. गाडी फक्त वाऱ्यानं चालवायची, पाय जमिनीला लागला की बाद. पंच कोण होणार, सगळ्यांनाच पळायचं होतं. म्हणून दुसरा आलेल्यानं रस्त्यानं उलटं चालत जायचं, पहिल्याच्या चाकांच्या खुणांशेजारी धुळीत पाय उमटलाय का ते बघायचं, आणि येऊन सांगायचं. तो सांगेल ते खरं. आणि बक्षीस म्हणजे पाणी. टँकर आला की जिंकलेल्याच्या घरची भांडी रांगेत पहिली. ही आमची पोरांची टूम, पण बायकांनी हसत हसत मानून घेतली. रोज रांगेवरून झिंज्या ओढण्यापेक्षा हे बरं, असं माझी आईच म्हणाली होती.

जिच्यासाठी हे सगळं सांगतेय ती शर्यत रोज्यांच्या दिवसांतली. मी पुढं, सलीम मागं, बाकीचे कुठल्या कुठं. पुलापाशी वारा पडला. माझी गाडी रेंगाळली. त्याच्या चाकांची खरखर पाठीशी आली, त्याची गाडी माझ्याहून हलकी होती, दोन हातांच्या अंतरात त्यानं मला गाठलंच असतं... पुढचं नंतर सांगते. मी पहिली आले. सलीम रस्ता बघत मागं चालत गेला आणि मी फळीवर बसून राहिले. पुलापाशी तो वाकलेला मला दिसला. परत आला, हात चड्डीला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साफ हाय."

संध्याकाळी टँकर आला, आमची दोन्ही भांडी पहिली भरली. सलीमच्या अम्मीचं भांडं यायच्या आधीच टँकर खडखडीत रिकामा झाला. रोजा सोडायची वेळ झालेली, ती बाई रिकामी कळशी उचलून घराकडं निघाली. माझ्या आईनं आमची एक भरलेली कळशी तिच्या डोक्यावर ठेवली. आईला काही ठाऊक नव्हतं, ती फक्त शेजारीण होती. दुसऱ्या दिवशी मी एकटीच पुलावर गेले. जिथं माझा पाय उमटायला हवा होता तिथली धूळ सारखी केलेली, आणि तिच्यावर चार बोटांचे ओरखडे. पुढं पाऊस झाला, तळं भरलं, रस्ता बुडाला, शर्यत संपली.

"कावून पुसलंस?" एवढं दोन शब्दांचं विचारायचं होतं. नाही विचारलं. त्यानं वडवणीला गॅरेज टाकलं, माझी स्कूटी तीस वर्षं त्याच्याच हाताखाली. दर वेळी वाटायचं, आज विचारू. मग तो "ब्रेक घासून घासून मारतीस, गाडी हाय का म्हैस?" म्हणून सुरू व्हायचा आणि राहून जायचं. मागच्या वर्षी एका शाळेनं पोरांच्या सौरगाड्यांची शर्यत ठेवली, आम्ही दोघं बघायला गेलो. अंगणात पोरं आपापल्या गाड्या उन्हात धरून उभी. सलीम म्हणाला, "ही पोरं आत्ता शिकतेत बे. आपण कवाच बिनतेलाची चालवली." हसला, आणि नेमकं तेव्हाच मला वाटलं, त्याच्याही मनात तो पूल आलाय.

यंदा परत तळं आटलं. रस्ता वर आला तसे त्याचे फोन सुरू झाले. "कुंदे, ये ना. पुलापर्यंत जाऊन येऊ." मी या वेळी ठरवलं होतं, पुलावर उभं राहून विचारायचं. रविवारी. तो गुरुवारी गेला.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर नको, आत्ताच या, म्हणून भाभीनं बोलावलं, तशी मागच्या आठवड्यात गेले. गॅरेजात पंक्चरच्या ट्यूबांशेजारी आकड्याला गाडी टांगलेली होती. तशीच. सायकलची चाकं, खोक्याच्या फळ्या, पोत्याचं शीड. रविवारसाठी केली होती, भाभी म्हणाली. शिलाई वाकडी होती, दाभण त्याला कधी धरताच आलं नाही. मग चहा ठेवता ठेवता भाभीच बोलली, "ते लई वेळा सांगायचे. पुलाला कठडा न्हवता, तुमची गाडी कडेला वळली, तुमी पाय टेकला म्हणून वाचल्या. जीव वाचवायला टेकलेला पाय बाद कसा धरायचा, म्हणायचे. म्हणून पुसला." चहा गाळत तिनं विचारलं, "लईच कडेला गेलती का ओ गाडी?"

मी "हो" म्हणाले.

भाभी, ते खोटं होतं. तुम्ही हे वाचाल, वाचावं म्हणूनच लिहिलंय. गाडी कडेला वळली म्हणून मी पाय टेकला नाही. वारा पडला होता, तो मला गाठत होता, आणि मी पायानं रेटा दिला. त्या रेट्यानं गाडी वळली. आधी पाय, मग वळण. मागून येणाऱ्या त्याला ते उलटं दिसलं, आणि त्याच्या मनात माझ्याविषयी जे होतं त्यात ते बसलं. चाळीस वर्षं तो मला बाद होण्यापासून वाचवल्याच्या समाधानात होता आणि मी त्यानं पुसलंय हे ठाऊकच नसल्यासारखी गप्प. या महिन्यात मला नीट अशी एकच गोष्ट वाटली, ती म्हणजे लाज.

निघताना भाभी म्हणाली, गाडी घेऊन जा, तुमच्यासाठीच केलती. मी आणली नाही. ती अजून त्या आकड्यालाच आहे, शटर उघडलं की वाऱ्यानं शीड जरा फुगतं. तिथंच असू द्या. त्या वैशाखातल्या शर्यतीत खरा पहिला सलीमच आला होता.