वहिनींचं लुगडं

"हसायचं न्हाई बघ," असं आधी मला दटावून अण्णा बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, हिरवं लुगडं अंगाला गुंडाळायचे, डोक्यावर पदर घ्यायचे आणि बादली घेऊन म्हशीखाली बसायचे. पांढऱ्या मिशांवर पदर! तुम्ही तरी हसल्याशिवाय राहिला असता का? मी त्यांचा शेजारी; आमच्या खजुरी गावातल्या हॉटेलात चहा पिताना त्यांची नक्कल करून दाखवायचो.

वहिनी कलबुर्गीच्या दवाखान्यात होत्या. हृदयाची झडप बदलायची होती. लेक त्यांच्याजवळ राहायची, अण्णा दिवसाआड बसनं जाऊन यायचे. म्हैस मात्र वहिनींच्या हाताची. दुसरं कुणी बसलं की लाथ मारायची.

"ऑपरेशन कधी हाय, अण्णा?"

"उद्याच्याला कळंल."

महिनाभर हेच ऐकलं. कधी ताप, कधी रक्त कमी, कधी नंबर पुढं ढकललेला.

एकदा मी म्हणालो, "लुगडं धुवा की, वास मारायलाय." असे भडकले! "तिचा वास हाय म्हणूनच म्हैस दूध देयलीय. धुतल्यावर काय राहील?" मग पदर नाकाशी धरून तसेच बसून राहिले. मी घरी आलो.

एका सकाळी बघतो तर अण्णा नुसत्या बंडीवर धार काढत होते. गडबडीत लुगडं घरातच राहिलेलं, तरी बादली भरत आलेली. "अरे वा! सुटलात की!" मी ओरडलो. अण्णांनी मान वर केली नाही. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून म्हणाले, "इतक्या लौकर कामून इसरलीस गं तिला?"

नकला केल्याची लाज वाटली. संध्याकाळी अण्णांनी पुन्हा लुगडं नेसलं, गरज नसताना.

काल संध्याकाळी धार काढून झाल्यावर लेकीचा फोन आला, उद्या ऑपरेशन. अण्णा तसेच निघाले. लुगड्याची घडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "म्हशीकडं बघ. हिला तिचा इसर पडू देऊ नगंस."

त्यांच्या दाराला कुलूप आहे. ऑपरेशनचं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. आज सकाळी लाजेपायी मी तसाच धारेला बसलो, तर म्हशीनं बादली उडवली. मग डोक्यावर पदर घेतला. तिनं मान वळवून लुगडं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि पान्हा सोडला.

ती विसरली नाही, अण्णा. एवढंच सांगायला सकाळपासून फोन लावतोय. लागत नाही.