डिकी लागत नाही

सुनीताचा फोन आला तेव्हा मी अंगणात तरटावर बसून गाडीचा कार्बोरेटर धूत होतो. हात पेट्रोलचे, म्हणून शेजाऱ्यानं फोन उचलून माझ्या कानाला लावला. सुनीता आमची लेक, मानोऱ्याला दिलेली. "बाबा, तुमी निंगा," एवढंच बोलली आणि पुढे नुसतं रडणं. आदल्या दिवशीच बबनची माय, म्हणजे माझी बायको, तिच्याकडे गेली होती. गाडी खोलून ठेवलेली, म्हणून एसटीनं गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी शेजाऱ्याच्या जीपमध्ये बसून निघालो, आणि खरं सांगतो, मानोरा येईपर्यंत मला रडू आलं नाही, रागच येत राहिला. जी बाई पाण्याची कॅन, बांधायला दोराचा सोल आणि नट खोलायचे पाने घेतल्याशिवाय गाडी पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊ देत नव्हती, ती स्वतः एवढ्या लांब निघाली ती एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत एक लुगडं आणि नातवासाठी बोरकूट... बस.

आता तेरवी झाली, पाहुणे गेले. पोरगा बबन पुण्याला असतो. जाताना म्हणाला, बाबा, गाडी विकून टाका. आई होती तोवर ठीक होतं, आता रस्त्यात बंद पडली तर पाना कोण हातात देईल. मी म्हटलं, सुनीताकडे जायचं तर गाडी लागते. तर म्हणे एसटी आहे ना. एसटीचं नाव काढल्यावर मी उठून अंगणात गेलो. त्यानंच अकोल्याचा एक माणूस शोधून काढला, जुन्या गाड्या चकाचक करून लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं देतो. तो आला, गाडीभोवती फिरला, बॉनेटवरून हात फिरवला, पसंत पडली. मग डिकी उघडली आणि मागं सरला. "काका, हे काय दुकान हाये का? हे सारं खाली करून ठेवा, मी न्याले येतो." दुकान म्हणे. त्याला काय सांगत बसावं... म्हणून इथं सांगतो. कारण तेरवीला जो आला तो म्हणाला, बाई मोठी सोशिक होती. कायची सोशिक? तिनं काही सोसलं नाही. सोसलं ते मी.

गाडी मूळची रिसोडच्या शेठजींची. पांढरी, गोल बॉनेटची, पूर्वी साहेब लोक फिरायचे तसली. मी त्यांच्याकडे ड्रायव्हर होतो, त्यांनी नवी घेतली तेव्हा ही माझ्याकडे आली. पहिल्यांदा सगळं घर घेऊन निघालो ते बायकोच्या भावाच्या लेकराच्या बारशाला. रिठदच्या अलीकडे पंख्याचा पट्टा तुटला. पट्टा तुटला की पंखा फिरत नाही, पाणी खेळत नाही, इंजिन तापून वाफा सोडतं. माझ्याजवळ एक पाना आणि बिडीचं बंडल. बाभळीखाली सगळं खानदान बसलं, तिची आई तर जावयाकडे असं पाहत होती, जसा मीच तो पट्टा चावून तोडला. दोरी बांधली, सुटली. तेव्हा हिनं बारशासाठी शिवून आणलेल्या दुपट्याची लांब पट्टी फाडली, पीळ दिला आणि माझ्या हातात ठेवली. त्या पट्टीवर आम्ही हळूहळू रिठदपर्यंत गेलो. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "लेकरू घेऊन निंगतांना आपन दुपटी घेतो, लंगोट घेतो, घुटी घेतो. मंग हे एवढं मोठं लेकरू हाये, याचं कायीच काहून घेत नाही तुमी?"

तिथून माझ्या मागं लागलं ते दुपटं-लंगोट. गाडीच्या सुट्या भागांना आणि हत्यारांना तिचा हाच शब्द. कुठंही निघालो की दारातून ओरडणार, "अवो, दुपटं-लंगोट घेतलं का?" शेजारी हसायचे. एकदा शेठजींना दवाखान्यात न्यायचं होतं, ते मागच्या सीटवर बसलेले, आणि हिनं तेच विचारलं. शेठजी माझ्याकडे पाहत राहिले. त्या वयात त्यांना वाटलं असेल, आपल्याबद्दलच बोलून राह्यली.

बरं, घ्यायचं तर घ्या, पण सरळ ठेवा. तसं नाही. पंख्याचा पट्टा लाल लुगड्याच्या चिंधीत, प्लग हिरव्यात, पॉइंट पिवळ्या काठात, रेडिएटरचा रबरी पाइप जुन्या परकरात. प्रत्येकाचं गाठोडं, आणि गाठोड्याला गाठ अशी की दातानंच सुटावी. मी गाडीखाली उताणा, वरून गरम पाणी गळून राह्यलं, मी ओरडतोय पट्टा दे, पट्टा दे, आणि ही रस्त्याच्या कडेला बसून गाठीशी झटते. एकदा मी चिडून म्हटलं, गाठी मारू नको. तर म्हणे, "गाठ नसती तं तुमी एवढ्या वर्साचं सामान जाग्यावर ठेवलं असतं का?" वायर, फ्यूज, जॅक, टॉर्च, पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर घासायला साबणाची वडी, खाली अंथरायला चटई, इथपर्यंत मला कळतं. पण वीट? चाकामागं लावायला घरची वीट होती डिकीत. अहो, आपल्या जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला दगडांशिवाय आहे काय? मी तिला किती वेळा म्हटलं. तिचं उत्तर ठरलेलं, तुम्ही दगड पाहायला गेलात तर तोवर गाडी कोण धरून उभं राहील, मी? मी ती वीट दोनदा फेकली. दोनदा ती परत डिकीत आली.

आणि हळद. हळदीचा डबा पण होता. रेडिएटरला बारीक भोक पडलं, पाणी ठिबकायला लागलं, तर मी खाली वाकून पाहतो तोवर हिनं वरून झाकण उघडून मूठभर हळद आत टाकली होती. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "मानसाच्या जखमेले लावतो, याले काहून नाही चालत?" ठिबकणं थांबलं, हे मी नाकारत नाही. घरापर्यंत आलो. पण पुढं कितीतरी दिवस गाडी तापली की बॉनेटमधून वरणाचा वास यायचा, आणि गॅरेजवाल्यानं पिवळं पाणी सोडताना मला विचारलं, काका, आत फोडणी कोणी दिली. मी त्याला सांगितलं, घरी ये, जिनं दिली तिलाच विचार. तो आला नाही.

पण सगळ्यात वर तो कंडक्टरचा दिवस. गाडीत कंडेन्सर नावाची बोटाएवढी डबी असते, ती गेली की ठिणगी नीट पडत नाही, गाडी ठसकते आणि उभी राहते. ही एकच वस्तू त्या दिवशी डिकीत नव्हती. वाशीमच्या रस्त्यावर अडकलो. गावातला एक ओळखीचा माणूस मोटरसायकलवर रिसोडकडे जाताना दिसला. मी इंजिनात डोकं घातलेलं, म्हणून निरोप हिनं दिला. काय दिला, तर स्टँडजवळच्या गॅरेजवर जा आणि लवकर कंडक्टर पाठव. तिला तो शब्द तसाच ऐकू यायचा. त्या माणसानं स्टँड तेवढं लक्षात ठेवलं, गॅरेज विसरला. पुष्कळ वेळानं मोटरसायकल परत आली, मागं एसटीचा कंडक्टर, खाकी ड्रेसमध्ये, गळ्यात तिकिटांची बॅग. त्याची ड्यूटी नुकतीच संपली होती, त्याला वाटलं कुठंतरी बस बंद पडली, माणसं खोळंबली. तो उतरला, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं.

"बस कुठं हाये?"

ही म्हणाली, "बस कायची? कंडक्टर आनला का तुमी?"

"मावशी, मीच कंडक्टर."

"तुमी नाही व बाप्पा. गाडीतला कंडक्टर. एवढासा असते." आणि तिनं बोट दाखवलं.

तो माणूस रस्त्यावरच खाली बसला हसत. मला मात्र हसू आलं नाही, अजून येत नाही. मग मी जुनी डबी काढून त्याच्या हातात दिली, तो बिचारा त्याच मोटरसायकलवर परत गेला आणि गॅरेजवरून नवी घेऊन आला. त्यानंतर बसमधून आमची गाडी दिसली की तो दारातून वाकून ओरडायचा, "मावशी, कंडक्टर हाये का?" आणि ही खिडकीतून हात हलवायची, आहे आहे. तेव्हापासून डिकीत कंडेन्सरची आख्खी पुरचुंडी. पण तिच्या तोंडी ते नाव कधी सुधारलं नाही. मी सांगून थकलो, कंडेन्सर म्हण. ती म्हणायची, "आला ना तो? काम झालं ना? मंग नाव कायले धरून बसले?" तेरवीला तो आला होता. रिटायर झालाय, काठी टेकत आला. माझ्याजवळ बसला. उठताना म्हणाला, "काका, आता कोन बलावन मले?"

तर, अकोल्याच्या माणसासाठी मी परवा सकाळी डिकी रिकामी केली. अंगणात ताडपत्री टाकली आणि एकेक गाठोडं काढून मांडलं. गाठी सोडल्या नाहीत. सगळं निघालं, मी मागं सरून पाहिलं तर गाडी मागून वर आली होती. इतकी वर्षं त्या ओझ्यानं मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले, ते सुटले. हट्टी बकरीसारखी ढुंगण वर करून उभी. मी स्टेअरिंगवर बसून पाहिलं, तर समोर बॉनेटच्या पुढं जेवढा रस्ता दिसायचा तेवढा दिसेना, जमीनच दिसू लागली. फाटकापर्यंत नेली तर उड्या मारत गेली. ही माझी गाडी नव्हती. मला अंदाजच येईना.

म्हटलं, परत भरून टाकू. सगळं पुन्हा आत ठेवलं. तीच गाठोडी, तीच डिकी, आणि झाकण लागेना. वीतभर उघडं राहिलं. काढलं, पुन्हा लावलं, जॅक आडवा केला, उभा केला. वीट बसवली तर कॅन बसत नाही, कॅन बसवली तर चटई बाहेर. दुपारपर्यंत माझं हेच चालू होतं आणि मी तिला शिव्या देत होतो, मोठ्यानं. शेजारीण भिंतीवरून पाहून गेली. तिचं काय सूत्र होतं, पहिलं काय ठेवायची, कशावर काय, मला काय माहीत... मी कधी भरलीच नाही. मी फक्त ओरडलो आणि तिनं हातात दिलं.

संध्याकाळी अकोल्याच्या माणसाचा फोन आला, येऊ का. मी म्हटलं, डिकी लागत नाही. तो म्हणाला, काका, खाली करायची होती, लागायचा सवाल कुठं येतो. मी म्हटलं, लागली की सांगतो, तोवर येऊ नको. बबनचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं. तो चिडला. चिडू दे.

काल झाकण सोलानं बांधलं आणि तसाच सुनीताकडे मानोऱ्याला जाऊन आलो. प्रत्येक खड्ड्यात मागून धाड धाड आवाज. शेजारची सीट खाली बसलेली, तिच्या बाजूनं गाडी अजून कललेली. मी कान देऊन चालवत होतो. पट्टा तुटतो का, पाणी गळतं का, ठिणगी जाते का. डिकीत सगळं होतं, हातात द्यायला माणूस नव्हतं, तरी मी वाट पाहत होतो. जाताना नाही, येताना नाही. एवढं दुपटं-लंगोट बांधून ठेवलेलं, आणि ही मेली गाडी एकदासुद्धा बंद पडली नाही.