माझ्या नावाची मुलगी अबुसच्या अंगणात

आमच्या वस्तीतल्या अबुसला चर्चच्या उपासनेत डुलक्या लागतात. तोंडात सदा सुपारी, आणि हसली की डोंगरापलीकडे ऐकू जातं. जन्मभर तिनं आलुबुखाराची बाग राखली, दोन नवरे पुरले आणि भांडली ती फक्त आपल्या बुनुन भाषेत. तायतुंगच्या बाजारात चिनी दुकानदाराशीसुद्धा. त्याला कळो न कळो.

हल्ली तैवानभर आमच्यासारख्या आदिवासींच्या भाषा वाचवायचं सरकारनं मनावर घेतलंय. वस्तीतल्या लहानग्यांना दिवसभर सांभाळायचं आणि बुनुनशिवाय बोलायचं नाही, या कामावर नेमलं कुणाला, तर अबुसला! रोज पहाटे बुनुन बायबल वाचणारी मी इथं बसलेय.

"आई, लांगुई अबुसकडे राहील," माझा मुलगा बिउंग म्हणाला.

"का? मला भाषा येत नाही?"

"येते गं. पण पोर पडली की तू चिनीत ओरडतेस, भात करपला की चिनीत. बुनुनमध्ये तू फक्त देवाशी बोलतेस."

लांगुई माझी नात. मीही लांगुई. थोरल्या मुलाच्या पहिल्या मुलीला आजीचंच नाव द्यायचं, आणि अशा एका नावाच्या दोघींनी एकमेकींना 'अला' म्हणायचं, ही आमची रीत. ती जन्मली तेव्हापासून मी त्या शब्दासाठी कान टवकारून आहे. पोर मात्र मला चिनीत 'नायनाय' म्हणते. आणि अबुसला? हुदास! म्हणजे आमच्या भाषेतली खरीखुरी आजी!

दुपारी मी तुरीच्या दाण्यांचं, डुकराच्या हाडांचं कढण घेऊन तिच्याकडे जाते.

"आलीस? नातीला बघायला की माझ्यावर नजर ठेवायला?"

"उरलं होतं."

"रोज उरतं बाई तुझं!"

पोर अबुसच्या पाठीवर, मुठीत तिचे केस. कोंबडीला हुसकवत होती तेही अबुसच्याच हेलात. मी हात पसरले, तर तिनं तोंड फिरवलं. "अगं, माझ्याकडे ये ना!" मी म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर कळलं, चिनीत म्हटलं.

अबुस खो-खो हसली.

गेल्या रविवारी उपासना सुरू होती. पाळक बोलत असताना बाकांमधून पोर धावत आली आणि माझ्या झग्याला लोंबकळून ओरडली, "अला!"

सगळे हसले. मी तिला उचलून घट्ट धरलं. डोळे वाहायला लागले. मग, या वेळी नीट जपून, बुनुनमध्येच विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला?"

तिनं मागच्या बाकाकडे बोट केलं. तिथं अबुस तोंड उघडं टाकून झोपली होती.

म्हणजे ज्याची एवढी वाट पाहिली, तो शब्दही अबुसच्याच तोंडून यायचा होता. प्रार्थनेत मी अबुसच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी मागणं मागितलं खरं, पण आमच्या आजारी डुकरिणीनंतर. तेवढं प्रभू समजून घेईल.

कढण उद्याही उरणार आहे.