सादळलेली गजक
ग्वाल्हेरच्या दौलतगंजात गजकवाल्यांच्या दुकानांवरून जाताना भाजलेल्या तिळाचा वास आला, की मला पणजीतली आमची पहिली संक्रांत आठवते. नोकरीपायी ग्वाल्हेर सोडून बायको आणि लहानग्या लेकीला घेऊन मी तिथे गेलो होतो. भाडं ऐकूनच छाती दडपावी असं ते गाव, तरी समुद्राजवळ दोन खोल्या कशाबशा मिळाल्या. आमचं हिंदी मिसळलेलं मराठी ऐकून घरमालकीण सगळ्यांना आमची ओळख ‘वरचे हिंदीवाले’ अशी करून द्यायची. ते बायकोला फार लागलं होतं. म्हणून तिने इमारतीतल्या झाडून सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं आणि तिळगूळ म्हणून द्यायला माझ्या आईने बांधून दिलेली गजक, म्हणजे आमच्याकडची तीळगुळाची वडी, काढली. बघतो तर खाऱ्या, दमट हवेने ती कुरकुरीत गजक पार सादळून चिवट झालेली. “आता बायकांच्या हातावर काय ठेवणार?” मी घाबरून विचारलं. “रहने दो, मी बघते,” म्हणत तिने पदर खोचला, परातीत सगळी गजक तुपाच्या हाताने मळली, तिथलाच नारळ खवून, परतून त्यात घातला आणि लाडू वळले. संध्याकाळी घरमालकिणीने दुसरा लाडू मागून घेतला. “हे कुठलं गो?” तिने विचारलं. बायको ताठ मानेने म्हणाली, “ग्वाल्हेरचा तिळगूळ. आमच्या मराठी घरातला.” आजही गजक बांधून देताना दुकानदार बजावतो, “भाईसाहब, हवा मत लगने देना.” मी मान डोलावतो, आणि पणजीला घरी पोहोचलो की लाडवांसाठी आधी सगळे डबे खिडकीत खाऱ्या वाऱ्याला उघडून ठेवतो.