चंद्राच्या बटणावरची टिकली

आले की आधी ते कॉम्प्युटरवर हात ठेवायचे. कीबोर्डवर नव्हे, टेबलाखालच्या डब्यावर. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात ठेवून डोळे मिटायचे. आपण घाईने माउस हलवायला गेलो की दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरायचे. "घाई काहून करून राहिली वं? उठू तं दे त्याले आधी."

आम्ही त्यांना काका म्हणायचो. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दोन ठोक दुकानांच्या मधून एक अरुंद जिना वर जातो, त्या जिन्याच्या टोकाला त्यांची खोली होती. खालचे दुकानदार त्यांना कापडाच्या नमुन्यांचे तुकडे देत आणि काका त्यांत सुटे भाग गुंडाळून ठेवत. बाटिकच्या तुकड्यात हार्ड डिस्क, साडीच्या काठात तारा. पिशवी उघडली की आलेला माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करणार आहे की ब्लाउजपीस विकणार आहे, हे कळत नसे.

बिघाडाला ते कधी बिघाड म्हणत नसत. म्हणत, "नखरा." आणि नखरा शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट काढायची, पाहायचं, वहीत पेन्सिलीने लिहायचं, परत जोडायची आणि मग दुसरी. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल. त्याला काम करताना पाहिलं की आधी जीव उबगतो आणि शेवटी त्याचंच खरं निघतं.

मी रामदासपेठेत एका कानांच्या दवाखान्यात काम करते. लहान बाळांना ऐकू येतं की नाही हे तपासायचं, हे माझं मुख्य काम. मोठ्या माणसाला सांगता येतं, आवाज आला की बोट वर करा. बाळाला कसं सांगणार? म्हणून त्याला झोपवायचं, कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवायच्या, कानात बारीक टकटक सोडायची आणि ती आत पोचली का हे कॉम्प्युटरवर उमटणाऱ्या लाटांत बघायचं. तारा एका छोट्या पांढऱ्या पेटीत जातात आणि पेटी कॉम्प्युटरला जोडलेली असते. बाळ गाढ झोपलेलं हवं. जरा हललं की लाटांचा गोंधळ होतो.

आणि इथेच आमचा नखरा होता. कधीकधी बाळ झोपायचं, मी माउस हलवायची, पडदा उजळायचा आणि प्रोग्राम म्हणायचा, पेटी सापडत नाही. पेटीचा हिरवा दिवा तर समोर लागलेला! सगळं बंद करून परत सुरू केलं की सापडायची, पण मग पुन्हा सगळी जुळवाजुळव, त्यात पंधरा मिनिटं जायची आणि तोवर बाळ उठून भोकाड पसरायचं. कंपनीच्या माणसाने फोनवरून दोनदा केबल बदलायला लावली. गंमत अशी की लवकर झोपणाऱ्या बाळांच्या वेळी सगळं सुरळीत चाले. तासभर खेळवणारं बाळ आलं की पेटी हटकून रुसायची. आमची आयाबाई म्हणायची, "हट्टी लेकरू आलं का मशीनबी हट्टी होते."

अशा हट्टी लेकरांत एक आठ महिन्यांची मुलगी होती. बाप कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या अडतीवर हमाल. जन्मल्यावर तिला कावीळ फार झाली होती, तेव्हाच डॉक्टरांनी कान तपासून घ्यायला सांगितलेलं. आई म्हणाली, "मारबतीच्या मिरवणुकीचा ढोल कानाजवळून गेला ताई, हे झोपूनच होती. मले तवापासून जेवण जात नाही." बाप दाराबाहेर बसायचा, कारण त्याच्या शर्टातली मिरची खोलीत आली की बाळासकट सगळे शिंकत. पहिल्या वेळी मुलगी पन्नास मिनिटांनी झोपली आणि पेटी सापडली नाही. ती जागी झाली ती झालीच. मी त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हटलं.

मॅडमनी, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंनी, काकांना बोलावलं. काकांनी डब्यावर हात ठेवला, थोडं इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेकरू झोपेपर्यंत कोणी याले हात नाही लावत, म्हून हाही झोपून जाते. अन झोपेतून उठला का पेटीले ओळखत नाही." आपोआप झोपायची सोयच त्यांनी बंद करून टाकली. "आता दिवसभर जागा राहीन."

पुढच्या आठवड्यात मुलगी परत आली, परत तासाभराने झोपली, आणि परत पेटी सापडली नाही. तिच्या आईने तिला उचललं. नुसतं दुपटं गुंडाळलं आणि बाहेर जाऊन नवऱ्याशेजारी बसली. तिचं ते दुपटं गुंडाळणं मी अजून विसरलेले नाही. मॅडम म्हणाल्या, पेटी कंपनीकडे पाठवू, महिना लागेल. मुलीचं वय जात होतं. ऐकू येत नसेल तर ते लवकर कळायला हवं, उशीर झाला की बोलणंही मागे पडतं. मी म्हटलं, काकांना अजून एक दिवस देऊ.

दुसऱ्या दिवशी काका सकाळीच आले. चेहरा पडलेला. आपण बंद केलेली झोप परत लागलीच कशी, हे त्यांना खात होतं. त्यांनी प्रिंटर काढला, कॉम्प्युटर झोपवला, उठवला. पेटी सापडली. प्रिंटर जोडून स्पीकर काढला, तेच. मग सगळं जोडून पाच मिनिटं झोपवला, दहा मिनिटं, वीस मिनिटं. तरी पेटी सापडतेच आहे! शेवटी त्यांनी पाऊण तास झोपवला आणि स्वतः स्टुलावर बसून राहिले. चहा आला तोही हलायला नको म्हणून मांडीवरच ठेवला. उठवल्यावर पेटी गायब.

"पाहिलं का बेटा?" ते एकदम खुलले. "डुलकीतून उठते, झोपेतून नाही उठत. जास्त वेळ झाला का हा पेटीचा करंट तोडते. उठल्यावर पेटी म्हणते, मी नवीन आली, माही ओळख करून द्या. अन प्रोग्राम म्हणते, ओळख तं सकाळीच झाली. दोघंही बसते मंग तोंड फिरवून."

"पण तुम्ही झोप बंद केली होती ना?"

"हे पाहतो ना आता." कॉम्प्युटर कधी झोपला आणि कशाने झोपला, याची नोंद तो स्वतःच ठेवतो. ती काकांनी उघडली. वाचली. पडदा हळूच स्वतःकडे वळवला आणि मग कीबोर्डकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात एक चंद्रकोरीचं चित्र असलेलं बटण आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ते बटण मीच दाबायची. पडद्याचा उजेड बाळाच्या तोंडावर पडतो, म्हणून बाळाला मांडीवर घेतलं की मी पहिलं काम हेच करायची. चंद्र म्हणजे अंधार, अंधार म्हणजे पडदा बंद, एवढीच माझी अक्कल. कॉम्प्युटरचा पंखाही थांबायचा, खोली कशी शांत व्हायची, आणि मला वाटायचं, किती शहाणं यंत्र आहे! दोन्ही वेळा त्या बाईला मीच परत पाठवलं होतं.

तेवढ्यात मॅडम आत आल्या. "काय निघालं काका?"

"दोन नखरे आहेत जी. एक याचा, एक आपला. दोन्ही काढतो."

"आपला म्हणजे कोणाचा?"

"आपला म्हणजे आपला सगळ्यायचा," काका म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले.

मॅडम गेल्यावर मी कसंबसं म्हटलं, "काका, ते बटण मी दाबत होते."

"माहीत आहे मले."

"मग मॅडमना सांगितलं काहून नाही?" त्यांच्यासमोर माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा यायची.

"मशीननं बटन सांगितलं बेटा, बोट नाही सांगितलं. मी काहून सांगू?"

मी तिथेच रडले. ते पिशवीतून रुमाल शोधू लागले, आणि हाती आला तो साडीचा काठ, तोच त्यांनी मला दिला. त्यातले स्क्रू टेबलावर सांडले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून बसवला. कॉम्प्युटर जागा झाला की तो पेटीला आधी सोडायचा आणि मग नव्याने जोडायचा. पडदा काळा करायचं खरं बटण पडद्याच्या मागच्या बाजूला होतं, तेही त्यांनी माझ्या बोटाने तीनदा दाबून घेतलं.

तिसऱ्या वेळी मुलगी आली तेव्हा काका न बोलावता हजर होते. मी मुलीच्या कपाळावरची टिकली काढून आईकडे दिली, कारण तिथेच तार लावायची असते. आई ती टिकली कुठे लावावी म्हणून इकडे तिकडे पाहत होती. काकांनी हात पुढे केला. "इकडं दे वं बाई." आणि ती लाल मखमली टिकली त्यांनी चंद्राच्या बटणावर चिकटवली. "अंधारात बोटाले डोळे नसते," एवढंच म्हणाले.

मुलगी झोपता झोपेना. आई थोपटत होती, काका स्टुलावर बसून डब्यावर हात ठेवून होते. मध्येच पडदा मुलीच्या डोळ्यांवर चमकला आणि माझं बोट सवयीने गेलंच कोपऱ्यात. मखमल लागली. बोट तसंच मागे आलं. मी पडद्यामागचं बटण दाबलं.

पाऊण तासाने ती झोपली. मी पडदा परत सुरू केला. पेटी जागेवर होती. टकटक सुरू झाली. पहिल्यांदा नुसत्याच वाकड्यातिकड्या रेषा, आणि मग हळूहळू त्यांतून ती लाट वर आली, जिची आम्ही वाट पाहतो. उजव्या कानाची आली. डाव्याचीही आली. आवाज कमी करत नेला तरी येत राहिली. निकाल मॅडमनी सांगायचा असा नियम आहे, पण माझा चेहरा नियम पाळत नव्हता. आईने तो पाहिला आणि पदर तोंडात धरला, आवाज होऊ नये म्हणून.

मॅडमनी बाहेर जाऊन बापाला सांगितलं, दोन्ही कान चांगले आहेत, तुमची मुलगी झोपली की गाढ झोपते एवढंच. तो बाहीने डोळे पुसत राहिला. "मिरचीचं आहे जी," म्हणाला. काका त्याच्या शेजारी बसले आणि दोन वेळा शिंकले.

आता काका नागपुरात नाहीत. गुडघ्यांनी तो जिना चढवेना, तेव्हा लेकीकडे वर्ध्याला गेले. खोलीत आता कापडाची पोती आहेत. कधी फोन केला तर माझी चौकशी शेवटी करतात. आधी विचारतात, "उठते ना बरोबर?" उठतो म्हटलं की खूश.

त्यांच्या प्रोग्राममुळे ते बटण चुकून दाबलं तरी आता काही बिघडत नाही. तरीही टिकली आहे. मखमल झिजली की मी नवी लावते.

परवा ती मुलगी आली होती. आता चार वर्षांची आहे आणि तिच्या बोलण्याने आमचेच कान दुखतात. धाकट्या भावाच्या तपासणीला आली होती. टेबलावर चढली, कीबोर्ड पाहिला, बटणावरची टिकली नखाने उचकटली आणि सरळ स्वतःच्या कपाळावर लावली. आई रागावली. मी म्हटलं, असू दे, तिचीच आहे.

भाऊ झोपायला लागला होता, उजेड कमी करायचा होता. मी माझ्या कपाळावरची काढली आणि चंद्रावर लावली.

घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "टिकली कुठं गेली वं?"

म्हटलं, "ड्यूटीवर आहे."