वरवंट्याची ठकठक

शेवटचं साधं काम आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलं, ते चारोळी फोडायचं. अंगणात ती पाट्यावर दाणे ठेवून वरवंट्यानं ठोकत होती, मी टरफलं काढत होतो. ठोकता ठोकता म्हणाली, "त्या लेकराले असाच आवाज लागे, नाही?"

कोणतं लेकरू, ते मला विचारावं लागलं नाही. ती केस आमच्या दोघांच्याही डोक्यातून कधी गेलीच नाही. "लिहून ठेवा. अक्षर कसं बी असो," ती म्हणाली. म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस. नाव कोणाचंच घेणार नाही.

आमचा भाग नव्या मध्य प्रदेशात जाऊन काही वर्षं झाली होती. उकव्याकडच्या जंगलात मँगनीजची एक खाण होती, तिथल्या चौकीवर मी हवालदार. एका सकाळी हजेरी आटोपली आणि एक बाई दारात येऊन बसली. बौद्ध समाजाची, विधवा. खाणीवर हातोडीनं दगड फोडून माल निवडायची.

"काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही जी. माह्यं लेकरू कुठी पुरलं, तेवढी जागा सांगा."

हातातला चहा मी खाली ठेवला.

विचारत विचारत सगळं काढलं. बाया कामावर असल्या की त्यांची लेकरं झुलाघरात ठेवायची, हा खाणीचा नियमच होता. तिथं ओळीनं झोळ्या टांगलेल्या. हिच्या लेकराची झोळी आपल्या लेकरांजवळ नको, असं काही बायांनी म्हटलं. मुकादमानं झोळी मागं गोठ्याकडं न्यायला सांगितलं. ही म्हणाली, हलवणार नाही. त्यानं तिथंच कामावरून काढून फाटकाबाहेर घातली. लेकरू आतच राहिलं. मग निरोप आला की तापानं गेलं, पुरून टाकलं.

"मंग आत काहून नाही गेलीस?"

"काम नाही त्या बाईले आत येता येत नाही म्हणे. मले वाटलं, तसा कायदाच असन."

मी म्हणालो, "काम त्याईचं असन, लेकरू तुहं हाय. अन् जात पाहून झोळी हटवनं, कामावरून काढनं, हा बी गुन्हा हाय. सगळं लिहून घेतो." मी थट्टाच करतो आहे, अशी ती माझ्याकडं पाहत राहिली.

माझ्या बायकोनं तिला ओसरीवर बसवून खाऊ घातलं. बोलता बोलता तिनं सांगितलं, "बाहेर हातोड्या वाजत राह्यल्या की झोपे माह्यं लेकरू."

मुकादम आणि लेकरू पुरायला नेलं म्हणणारा खाणीचा ट्रकवाला, दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. एक म्हणे नदीकाठी पुरलं, दुसरा म्हणे सागाच्या रानात. ठाणेदार साहेबांना कळवून दोन्ही जागा खणल्या. माती कोरी होती.

त्याच दिवसांत खाणीच्या ठेकेदाराच्या घरून बारशाचं बोलावणं आलं. त्याची बायको माहेरी बाळंत होऊन सव्वा महिन्यानं आली, असं सांगत होते. चौकीवाल्यांना बोलवायचा तिथं रिवाजच होता. आम्हाला मूल नव्हतं. अशा बाईला पाळण्याजवळ कोणी पुढं करत नाही, पण हवालदारीण म्हणून माझ्या बायकोला केलं.

बारशाहून ती घरी न जाता सरळ चौकीत आली. त्याआधी कधी आली नव्हती.

"सव्वा महिन्याचं लेकरू मान धरते काय हो?"

"मले काय विचारतं?"

"ह्यानं माही बांगडी धरून ओढली. रडून रडून लाल झालतं. पाळण्यात घालाले वरवंटा आणला, तो लाकडाले ठकठक लागला, तसं गप्प झालं. मी मुद्दाम आखीन ठोकला. डोळे मिटले त्यानं."

"बाकीच्या बायाईले दिसलं नाही?"

"सगळ्याईले दिसलं. पाळणा म्हणनं कोणी थांबवलं नाही."

चोर, खुनी मी पुष्कळ पाहिले. पण त्या वाक्यानं मी जसा सुन्न झालो, तसा कधी झालो नाही.

झुलाघरातल्या आयाला बोलावलं. आवाजही चढवला नाही. म्हणालो, "बारसं झालं म्हणे." तेवढ्यावर तिनं सगळं कबूल केलं. ठेकेदारानं सांगितलं, तिनं लेकरू उचलून दिलं.

ठाणेदार साहेब पंच घेऊन आले. बाई शिपाई आमच्याकडं नव्हती, म्हणून लेकरू घ्यायला बायकोला सोबत नेलं. ठेकेदार जराही घाबरला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दगड फोडणारी रांड-मुंड बाई, काय देईन लेकराले? तुमच्या घरी बी पाळणा नाही, हवालदार. तुमाले तं समजाले पायजे."

मागून माझी बायको बोलली, "समजते, भाऊ. म्हणूनच न्याले आली."

चौकीत त्या आईसमोर लेकरू धरलं, तर तिनं हात पुढं केले नाहीत. मला विचारते, "घेऊ का जी?" पोटच्या पोराला उचलायची परवानगी!

कोर्टानं लेकरू आईच्या ताब्यात ठेवलं. ठेकेदार, मुकादम, आया, तिघांवर खटला चालला. बाईला कामावर परत घ्यावं लागलं, आणि झोळी त्याच ओळीत टांगली गेली.

या केसनं मला एकच शिकवलं. माणसाला पहिल्यांदा फाटकाबाहेर काढतात. तो मुकाट्यानं बाहेर राहिला, की त्याचं आतलं काहीही न्यायला कोणाला भीती वाटत नाही. म्हणून पुढं चौकीवर जो आला, त्याला मी तक्रारीच्या आधी त्याचा हक्क सांगत गेलो.

त्या दिवशी चारोळी अर्धीच फोडून झाली होती. "बाकीची उद्या," म्हणून बायको रात्री निजली, ती सकाळी उठली नाही. त्याच दिवशी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर सोयऱ्यांनी भरलेलं होतं. मी अंगणात पाट्यापाशी बसलो आणि राहिलेली चारोळी फोडायला लागलो. पुतणी धावत आली, "मोठेबाबा, आज काहून?"

मी ठोकत राहिलो.