कोरड्या ओढ्यातल्या चाकोऱ्या

इस्राएलच्या वाळवंटातल्या येरुहामच्या दक्षिणेला, गावातून पायी तासाभराच्या अंतरावर, एका कोरड्या ओढ्यात तीन गाड्या पडून होत्या. एक इंग्रजांच्या वेळची लष्करी लॉरी, एक रुग्णवाहिका आणि एक काळी बंद मोटार. मोटार दुसऱ्या महायुद्धाच्या बरीच आधीची होती. तिच्या चाकांना लाकडी आरे होते आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लांब फळ्या. त्या गाड्या तिथे कशा आल्या, हे गावात कुणाला ठाऊक नव्हते. बेरशेव्याच्या बसचा ड्रायव्हर म्हणे, इंग्रज निघून जाताना टाकून गेले. दुकानदार म्हणे, पुरात वाहत आल्या. दोघांनीही त्या गाड्या कधी पाहिलेल्या नव्हत्या.

बाबांनी त्या १९६२ च्या उन्हाळ्यात शोधून काढल्या. मुंबईत ते माझगावच्या एका गॅरेजात मेस्त्री होते. येरुहामला आल्यापासून कारखान्यात वाळू चाळण्याच्या कामावर होते. कामाबद्दल ते तक्रार करत नसत. एवढेच म्हणत, "वाळू बिघडत नाही, त्यामुळे दुरुस्त करायला काही उरत नाही."

शुक्रवारी कारखाना दुपारी सुटे. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत घरी परतायचे, म्हणजे मधले चार-पाच तास मोकळे. इतर माणसे झोपत किंवा पत्ते खेळत. बाबा पाण्याची बाटली, पान्हा आणि जुन्या धोतराचा फडका घेऊन ओढ्याकडे निघत. मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करत होते. माझाही शुक्रवार अर्धा असे, म्हणून मीही जाऊ लागले.

गाड्यांमधले नेण्यासारखे सगळे आधीच गेलेले होते. टायर, बॅटऱ्या, काचा, गाद्या, लॉरीचे अर्धे इंजिनसुद्धा. बाबा तरी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच आल्यासारखे बोनेट उघडत. मग सांगत. हा पंखा नंतर बसवलेला आहे, मूळचा नव्हे. हिला कुणी तरी वाईट पेट्रोल पाजलेले आहे. या लॉरीचा ड्रायव्हर सारखा चढ-उतर करणारा असावा, गिअरच्या दांड्यापेक्षा दरवाजाची कडी जास्त झिजली आहे. यातले किती खरे, ते तपासायला मार्ग नव्हता. गाड्यांशी ते मुंबईच्या गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलत. "काय बाई, गेल्या आठवड्यापेक्षा बरी दिसतेस." काळ्या मोटारीला ते बाई म्हणत. लॉरीला नुसते "अरे".

त्यांचा एक नियम होता. गाडी रस्त्यात सोडून दिलेली असली, तरी उघडलेले बोनेट बंद केल्याशिवाय जायचे नाही. उस्तादाने शिकवले होते म्हणे. बोनेट उघडे ठेवून जाणे म्हणजे आजाऱ्याच्या अंगावरचे पांघरूण काढून निघून जाणे. रुग्णवाहिकेचे बोनेट बिजागरीतून निखळले होते, तेही ते उचलून जागेवर ठेवत.

घर आत्या चालवत असे. ती बाबांची मोठी बहीण, अलिबागेकडच्या गावात दिलेली, लवकर विधवा झालेली. आमची आई मुंबईत वारली तेव्हा ती आम्हा दोघा भावंडांना सांभाळायला आली आणि पुढे आमच्याबरोबर इथे आली. बाबा तिला बाय म्हणत. ती त्यांना बाला म्हणे. पन्नाशीच्या माणसाला मारलेली ही हाक कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत झाली होती.

शुक्रवारी बाबा तेलकट हातांनी परतत, तेव्हा आत्या दारातच उभी असे.

"आला नवरदेव. बायको मेल्यावर दुसरी केली नाहीस, आणि आता तीन-तीन ठेवल्यास."

"त्यातली एक लॉरी आहे, बाय."

"लॉरी काय, अन् लारी काय. हात धू. चटणीला वास लागंल."

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला माझा भाऊ सैन्यातून सुटून घरी आला. तो बेरशेव्याला कामाला लागला आणि शुक्रवारी बसने येई. आत्या मराठीत विचारी, तो हिब्रूत उत्तर देई. तिला तो दोदा म्हणे, हिब्रूत आत्याला म्हणतात तसे.

"दोदा तुझ्या पलटणीत," आत्या म्हणे. "हितं मी आत्या हाय."

"बेसेदेर, दोदा." म्हणजे, बरं, आत्या.

तो सैन्यात गेला तेव्हा आत्याने नवस केला होता. पोर सुखरूप परत आला, तर खंडाळ्याला मलिदा करीन. हे खंडाळे घाटातले नव्हे. अलिबागेजवळच्या या गावात एका खडकावर चाकांच्या खुणा आहेत, आणि प्रेषित एलियाहू हनाबी रथातून स्वर्गात गेले ते तिथूनच, असे आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. नवस फेडायला लोक तिथे जातात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलची, वर फळे आणि वासाचा पाला, असे ताट मांडून प्रार्थना म्हणतात. त्यालाच मलिदा म्हणायचे.

भाऊ सुखरूप परतला. म्हणजे आत्याला जावे लागणार होते.

तिने पलंगाखालची ट्रंक ओढून काढली आणि लुगडी उन्हात घातली. गावी दिराच्या घरात एक खोली अजून तिच्यासाठी रिकामी ठेवलेली होती. "नवस फेडते नि येते," ती म्हणाली. पण साठीच्या बाईने इस्राएलहून बोटीने मुंबई, तिथून अलिबाग, आणि पुन्हा परत असा प्रवास केल्याचे येरुहाममध्ये एकही उदाहरण नव्हते. गेलेले गेलेच होते. आत्याला हे ठाऊक होते, बाबांनाही. दोघेही परतीबद्दल बोलत, ते दुसऱ्या कुणाच्या परतीबद्दल बोलल्यासारखे. बाबांनी तिला एकदाही थांब म्हटले नाही. नवसाच्या आड यायचे नसते. त्या आठवड्यांत बाबा जेवताना पुन्हा पुन्हा भात मागू लागले. त्यांना भूक होती असे वाटत नव्हते.

इथेच मलिदा करावा, असे शेजारच्या बायकांनी सुचवून पाहिले. आत्याचे म्हणणे सरळ होते. घरातल्या कारणाचा मलिदा घरात होतो. हा खंडाळ्याचा बोललेला आहे. जिथे चाकांच्या खुणा, तिथेच तो होणार.

जानेवारीत पाऊस झाला. ओढ्याला एक दिवस पाणी आले, आणि मागाहून सगळीकडे बारीक हिरवे उगवले. एका शुक्रवारी आत्या म्हणाली, रानातला वासाचा पाला हवा, मी पण येते. खरे कारण तिने वाटेत सांगितले. "जाण्याआधी तुझ्या त्या तिघी बघून घेते, बाला."

काळी मोटार तिने सगळ्या बाजूंनी पाहिली. दरवाजा उघडून आत डोकावली. "शेठाणीची गाडी हाय," ती म्हणाली. "ह्यात माणूस बसला असंल तवा टोपी घालून बसला असंल." बाबा खूश झाले. मग ती पाला खुडत ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

ती एका पांढऱ्या सपाट खडकाशी बसलेली सापडली. डोक्यावरून पदर घेतलेला होता. खडकावरची माती पावसाने धुऊन निघाली होती आणि खाली दोन चाकोऱ्या दिसत होत्या, शेजारी शेजारी, खोल, उतारावरून वर चढत गेलेल्या. वरच्या टोकाला त्या एकाएकी संपत होत्या. त्यापुढे मोकळे आकाश होते.

"बाला," आत्या म्हणाली. "खंडाळ्यासारख्या हायत."

बाबा वाकून चाकोरीत बोट फिरवू लागले.

"तू गाड्यांतला जाणता. बघून सांग. कुणाची चाकं ही?"

बाबांनी खिशातून तारेचे वेटोळे काढले. तार एका चाकोरीपासून दुसरीपर्यंत ताणून धरली आणि जादाची मोडून टाकली. मग तो तुकडा घेऊन खाली ओढ्यात उतरले. आम्ही दोघी वरून पाहत होतो. त्यांनी तो आधी काळ्या मोटारीच्या दोन चाकांमधल्या अंतराला लावून पाहिला. मग रुग्णवाहिकेला. लॉरीशी ते सगळ्यात शेवटी गेले, आणि तिथे गुडघ्यावर बसून राहिले.

त्या वेळी त्यांनी काय सांगायला हवे होते, हे मला स्पष्ट दिसत होते. सांगता येत नाही, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. आत्याला चाकांच्या खुणा हव्या होत्या, आणि त्या तिच्या समोर होत्या. एका शब्दावर ती राहिली असती.

बाबा वर आले. "लॉरीची आहेत, बाय. हा खडक दिसतो, पण मुळात चिकणमाती आहे. ओली असताना लॉरी चढवायला गेले, वर चढली नाही, तशीच मागे घेतली. मग माती वाळून दगड झाली."

आत्याने तारेचा तुकडा हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. "बरं," ती म्हणाली. पाला पदरात बांधून ती घरची वाट चालू लागली. बाबा खाली जाऊन बोनेटे बंद करून आले.

पुढचे दिवस ट्रंक पलंगासमोरच होती. आत्या नेहमीसारखी स्वयंपाक करी आणि बाबांना टोमणे मारत नसे. बाबांना ते जड गेले असावे. एकदा हात न धुता ते जेवायला बसले, तरी ती काही बोलली नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिने मुंबईहून पार्सलने आलेले पोहे काढून निवडायला घेतले. शनिवारी, शब्बाथलाच, 'तू बिश्वात'चा सण होता, झाडांचे नवे वर्ष. खंडाळ्याला याच सणाला मोठी गर्दी जमते. बाबा तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोहे कशाला, बाय?"

"मलिद्याला. उद्या. तुझ्या लॉरीच्या दगडाशी."

"अगं, पण मी तुला सांगितलं ना—"

"सांगितलंस. ऐकलं." तिने पोह्यांतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "तू लहान हुतास, तुला आठवत नसंल. आईनं खंडाळ्याला बाबास इचारलं, ही चाकं कुणाची हो? आपला बाप काय बोलला ठाव हाय? बोलला, कुणाची बैलगाडी गेली असंल, मला काय ठाव. सगळ्या लोकांत बोलला. आई चार दिस त्याच्याशी बोलली नाय."

"मग?"

"मग काय. दर साली सगळ्यांच्या आधी नारळ घेऊन तोच निघायचा." ती पोहे निवडत राहिली. "तू तार घेऊन खाली उतरलास, तवा मला वाटलं, आपला बाबाच चाललाय. तू खोटं बोलला असतास, तर तुझ्यात बाबा दिसला नसता, नि मी खंडाळ्याला गेले असते."

बाबा तिच्याशेजारी खाली बसले. मग म्हणाले, "खोबरं मी किसतो." ते त्यांना कधीच नीट जमत नसे. त्या दिवशीही जमले नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. भाऊ होता, आणि कारखान्यातले आमच्यातले काही जण शिफ्टच्या कपड्यांतच आले. प्रार्थनेला दहा पुरुष जमले तर बरे, असे त्यांचे म्हणणे. ते जमले. ताट ठेवायला खडकाजवळ सपाट जागा नव्हती. बाबांनी काळ्या मोटारीचे बोनेट फडक्याने पुसले आणि त्यावर आत्याची पांढरी चादर पसरली. पोहे, गूळ, सुके खोबरे, खजूर, संत्री, सफरचंदे, वर रानातला पाला. गुलाब नव्हते, म्हणून गुलाबपाणी शिंपडले. प्रार्थना हिब्रूत झाली, गाणे मराठीत. भावाला गाण्याचे शब्द येत नव्हते, पण चाल येत होती. आत्याने पहिला घास त्याला दिला.

"टोव, दोदा?" त्याने विचारले. झाले ना मनासारखे, या अर्थाने.

"आत्या," ती म्हणाली.

"आत्या," तो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात, १९६४ च्या सुरुवातीला, ओढ्याला मोठा पूर आला. लॉरी दूर जाऊन उताणी पडली आणि चाकोऱ्यांवर गोट्यांचा ढीग बसला. तरी आम्ही गेलो. काळी मोटार जागची हलली नव्हती, त्यामुळे ताट ठेवायची सोय होती. पण ते नंतरचे.

त्या पहिल्या दिवशी माणसे मलिदा खाऊन पुढे निघाली. बाबांनी चादर काढली. आत्याने मोटारीचा मागचा दरवाजा उघडला, उघड्या स्प्रिंगांवर पोह्यांचे रिकामे पोते अंथरले आणि आत जाऊन बसली. पदर सारखा केला. बाबा तिच्याकडे पाहत राहिले.

"बघतोस काय? बस पुढं."

बाबा पुढे बसले. स्टिअरिंगचे चाक कुणीतरी कधीच काढून नेले होते. उरलेल्या दांड्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि मुंबईच्या ड्रायव्हरसारखी मान अर्धी मागे वळवली.

"कुठं घेऊ, बाईसाहेब? अलिबाग?"

आत्याने काच नसलेल्या खिडकीतून सूर्य किती खाली आला ते पाहिले.

"घरी घे," ती म्हणाली. "शब्बाथ लागंल. दिवे लावायचे हायत."

बाबा उतरले, वळसा घालून आले आणि तिच्यासाठी दरवाजा उघडून धरला.